बांधावरची गुळवेल

खानदेशातील शेतांच्या बांधांवर कडुनिंबाचे झाड आणि त्या झाडावर चढलेली गुळवेल ही जोडी इतकी सर्रास आढळते, की तिच्याकडे पीक म्हणून पाहण्याची गरज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या वाटली नाही. ताप आला की खोडाचा हातभर तुकडा तोडून आणावा, त्याचा काढा करावा आणि उरलेली वेल तिच्या नशिबावर सोडून द्यावी, एवढाच तिच्याशी व्यवहार होता. 2020 साली करोनाची साथ आली आणि रोगप्रतिकारशक्ती हा शब्द घराघरांत पोहोचला, तेव्हा याच वेलीला एकाएकी बाजारभाव आला, रोपवाटिकांमध्ये तिच्या पिशव्या मांडल्या गेल्या आणि ‘औषधी शेती’च्या योजनांमध्ये तिचे नाव अग्रभागी झळकू लागले. त्या लाटेत दोन गोष्टी मागे पडल्या. गुळवेल कोठे लावावी यापेक्षा कोठे लावू नये हे कळणे खानदेशात अधिक महत्त्वाचे आहे, ही एक. आणि ती औषध असल्यामुळेच तिला मात्रा, मुदत आणि मनाई लागू होतात, ही दुसरी.

गुळवेल ही मेनिस्पर्मेसी म्हणजे गुडूची कुलातील बहुवर्षायू, अर्थात अनेक वर्षे जगणारी, आधारावर चढणारी वेल असून तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे आहे. या नावातील दुसरे पद तिच्या हृदयाकृती पानावरून आलेले आहे. पान पातळ, गुळगुळीत, लांब देठाचे असते आणि देठ दोन्ही टोकांशी किंचित फुगीर असून बुडाशी थोडा पिळलेला असतो. खोड जून झाले, की त्यावर कागदासारखी पातळ, करड्या रंगाची साल येते. नखाने ती खरवडली तर खाली हिरवागार थर दिसतो आणि बोट जिभेला लावले तर कडूपणा बराच वेळ जात नाही. खोड आडवे कापले असता आतील काष्ठ पाचरीच्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेले दिसते आणि त्या पाचरींमधून रुंद किरण केंद्राकडून कडेकडे जातात, त्यामुळे छेदावर गाडीच्या चाकाचे चित्र उमटते. संस्कृत निघंटूंनी म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांनी तिला ‘चक्रलक्षणा’ म्हटले आहे ते यामुळेच, आणि वेलीची खात्री करून घेण्याची ही खूण आजही तितकीच उपयोगी आहे.

ही वेल एकलिंगाश्रयी आहे, म्हणजे नरफुले एका वेलीवर आणि मादीफुले दुसऱ्या वेलीवर येतात. उन्हाळ्यात पाने झडलेली असताना पिवळसर हिरवी, बारीक फुले लागतात, नरफुले झुबक्यांनी तर मादीफुले बहुधा एकेकटी असतात, आणि मादी वेलीवर पुढे वाटाण्याएवढी, पिकल्यावर लालबुंद होणारी फळे धरतात. बांधावरच्या एखाद्या वेलीला वर्षानुवर्षे फळ दिसत नसेल, तर ती वेल रोगट आहे असे समजण्याचे कारण नाही; ती नर असते इतकेच. औषधासाठी खोड वापरले जात असल्याने लागवडीच्या दृष्टीने या भेदाला फारसे महत्त्व नाही, आणि लागवड कांड्यांपासूनच होत असल्यामुळे बियांची वाट पाहावी लागत नाही.

कांडीपासून उगवण्याची या वेलीची क्षमता मात्र खरोखर थक्क करणारी आहे. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीचे जमिनीलगतचे खोड कोणी कापून टाकले, तरी वरचा भाग मरत नाही. तोडलेल्या टोकाच्या वरच्या अंगाने सुतळीसारखी बारीक हवाई मुळे खाली उतरू लागतात, वारा त्यांना हलवत राहतो, आणि जमिनीला टेकताच ती मातीत शिरून जाड होतात व वेल पुन्हा पूर्ववत पोसली जाते. ‘छिन्नरुहा’, म्हणजे छाटली असता पुन्हा वाढणारी, हे तिचे नाव अशा निरीक्षणातून आलेले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिची उत्पत्तिकथाही दिली आहे; रावणवधानंतर इंद्राने रणात पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि जेथे जेथे त्याचे थेंब भूमीवर सांडले तेथे ही वेल उगवली, असे ती कथा सांगते. ‘अमृता’ या नावाचा हा खुलासा भाविकांना पुरेसा असला, तरी शेतकऱ्याला तो कापलेल्या वेलीनेच अधिक पटतो.

जळगाव आणि धुळे हे जिल्हे 1906 साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले त्यातून घडले, आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. उत्तरेला सातपुडा, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, तिला मिळणाऱ्या गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर या नद्या, दोन्ही काठांवर खोल काळी जमीन आणि दक्षिणेकडे अजिंठ्याचे व गाळण्याचे डोंगर, अशी या प्रदेशाची साधारण रचना आहे. पावसाळा जेमतेम चार महिन्यांचा, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. इतक्या कडक उन्हाळ्यात गुळवेल तगते, कारण पाणी कमी पडू लागले की ती पाने टाकून देते, जाड रसदार खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि पिष्टावर म्हणजे स्टार्चवर दिवस काढते आणि मृगाच्या सरी येताच पुन्हा पालवते. यावल अभयारण्य, रावेर तालुक्यातील पालचा परिसर, शिरपूरकडील अनेर धरणाचे अभयारण्य, धुळ्याजवळचे लळिंगचे कुरण, चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे रान अशा शुष्क पानझडी वनांच्या प्रदेशाला ही वेल मानवते. खानदेशातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद करण्याचे मोठे काम धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. डी. ए. पाटील यांनी केले असून धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ 2003 साली प्रसिद्ध झाला. या भागात औषधी वनस्पतींची लागवड सुचवणाऱ्या प्रत्येक संस्थेने अशा ग्रंथांपासून सुरुवात करायला हवी, पण प्रत्यक्षात सुरुवात बहुधा अनुदानाच्या परिपत्रकापासून होते.

सातपुड्याच्या पायथ्याची गावे पावसाळ्यानंतरच्या हिवतापासाठी ब्रिटिश काळात कुप्रसिद्ध होती, आणि पावरा, भिल्ल, तडवी या समाजांच्या औषधज्ञानात तापावरच्या कडू वनस्पतींना मोठे स्थान आहे. वसाहतकालीन वैद्यकानेही गुळवेलीची दखल घेतली. बंगालमध्ये काम करणाऱ्या युरोपीय डॉक्टरांनी तिला पाळीच्या तापावर आणि अशक्तपणावर वापरून पाहिले, 1868 च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या अधिकृत औषधकोशात तिला जागा मिळाली, आणि मुंबईत राहून भारतीय औषधद्रव्यांचा अभ्यास करणारे विल्यम डायमॉक यांनी 1890 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. हिवतापाच्या जंतूंवरची आधुनिक औषधे उपलब्ध असताना आज केवळ गुळवेलीवर विसंबून राहणे मात्र धोक्याचे आहे. थंडी वाजून येणाऱ्या तापात रक्ततपासणी आधी आणि काढा नंतर, हा क्रम उलटता कामा नये.

लागवडीचा विचार करताना वेलीच्या ओळखीचा प्रश्न पहिला येतो, कारण बांधावर गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या वेली एकापेक्षा अधिक असतात. वासनवेल ही तिच्याच कुलातील, कुंपणांवर सर्वत्र पसरणारी वेल आहे. तिची पाने लहान व मऊ लवेची असतात आणि ती पाण्यात चोळून ठेवली असता थोड्याच वेळात पाण्याची हिरवी खळ होते, त्यामुळे तिच्यात फसगत होण्याचा संभव कमी. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही गुळवेलीची सख्खी बहीण सह्याद्रीच्या बाजूला आढळते, तिच्या पानांच्या खालच्या अंगाला लव असते. खरा घोटाळा टिनोस्पोरा क्रिस्पा या तिसऱ्या जातीमुळे होतो. ही आग्नेय आशियातील आणि भारताच्या ईशान्येकडील वेल असून तिच्या खोडावर सर्वत्र ठळक गाठी उठलेल्या असतात आणि तोडल्यावर दुधासारखा स्राव येतो. गुळवेलीच्या खोडावर श्वसनरंध्रांचे बारीक ठिपके असले तरी अशा गाठी नसतात आणि दूधही निघत नाही. फुलातील पाकळ्या गुळवेलीत सहा, क्रिस्पात तीन. फळ गुळवेलीत गोल, क्रिस्पात लांबट. केंद्रीय आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये या फरकांकडे लक्ष वेधून क्रिस्पाचा वापर टाळण्याची सूचना केली. दूरच्या रोपवाटिकेतून आणलेली, जाड गाठाळ खोडाची, ‘जोमदार वाण’ म्हणून विकली जाणारी रोपे घेण्यापेक्षा शेजारच्या गावातील ओळखीच्या कडुनिंबावरची जुनी वेल कांड्यांसाठी अधिक भरवशाची, ती या कारणासाठी.

कांडी निवडताना अंगठ्याएवढी जाड, किमान दोन डोळे असलेली, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीची घ्यावी आणि तोडल्यापासून दिवसभरात लावावी. बुडाकडचे टोक खालीच राहील याची काळजी घ्यावी लागते. घाईत उलट्या खोचलेल्या कांड्या फुटल्या तरी रखडतात. माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत कांड्या मे अखेरीस किंवा जूनमध्ये लावल्या, की महिना-दीड महिन्यात मुळे धरतात आणि चांगला पाऊस झाल्यावर रोपे बांधावर नेता येतात. खोल काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहिल्यास मुळे कुजतात, म्हणून मुरमाड, उताराचा बांध शेतातल्या सपाट वावरापेक्षा या वेलीला अधिक रुचतो. झाडाच्या बुंध्यापासून दीड-दोन फूट अंतरावर आळे करून रोप लावावे आणि सुरुवातीला सुतळीने खोडाशी जोडून द्यावे. पुढे आधार शोधण्याचे काम वेल स्वतःच करते. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी मिळाले तर वेल जगते, आणि कपाशीच्या ठिबकची एखादी नळी बांधापर्यंत वाढवणे जळगावकडील शेतकऱ्याला अवघड नाही.

आधारासाठी कडुनिंबच का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. निंबावर चढलेली गुळवेल गुणाने श्रेष्ठ, ही समजूत वैद्यपरंपरेत दृढ आहे. आधाराचे झाड, ऋतू आणि वेलीचे वय यांनुसार खोडातील घटकांचे प्रमाण कमीअधिक होते असे रासायनिक तपासण्यांतही दिसून आलेले आहे, मात्र त्यावरून आंब्यावरची वा बाभळीवरची वेल निरुपयोगी ठरत नाही. गुळवेल परोपजीवी नसून आधाराच्या झाडातून अन्न घेत नाही. खानदेशापुरते बोलायचे तर कडुनिंबाच्या बाजूने असलेले व्यावहारिक कारणच पुरेसे आहे: हे झाड बांधावर आधीच उभे असते, त्याला पाणी द्यावे लागत नाही, ऐन उन्हाळ्यात वेल उघडी पडलेली असताना त्याची नवी पालवी सावली धरते, आणि त्याच्यावर फवारणी होत नसल्यामुळे वेलीत कीटकनाशकांचा अंश येण्याची भीती कमी होते. कपाशीच्या पट्ट्यात हा शेवटचा मुद्दा हलका समजू नये. फवारणीच्या तुषारांच्या टप्प्यात येणारा बांध औषधी वनस्पतीला योग्य नव्हे. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ज्या निंबाच्या फांदीला पोरीबाळींचे झोके बांधले जातात तेवढा निंब वेलीपासून मोकळा ठेवला, तर गावाचीही तक्रार राहणार नाही.

मात्र याच प्रदेशात एक मोठी अडचण आहे आणि लागवडीच्या उत्साही माहितीपत्रकांत तिचा उल्लेख सापडत नाही. जळगाव जिल्ह्यातील मोसंबी आणि लिंबू, तसेच धुळे जिल्ह्यातील डाळिंब यांच्या बागांना ‘फळातील रस शोषणारा पतंग’ या किडीचा उपद्रव होतो. हा मोठा, जाड अंगाचा निशाचर पतंग असून त्याचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी आणि मागचे पंख काळ्या पट्ट्यांचे नारिंगी असतात. तो पिकू लागलेल्या फळावर रात्री बसतो, कणखर सोंडेने सालीला भोक पाडून रस ओढतो, आणि त्या बारीक छिद्राभोवती दोन-चार दिवसांत फळ सडून गळते. या पतंगाची विशेष गोष्ट अशी, की त्याचे नुकसान करणारे रूप बागेत दिसत असले तरी त्याची अळी बागेतल्या झाडावर वाढत नाही. मादी अंडी घालते ती गुळवेल, वासनवेल आणि त्यांच्या नात्यातील वेलींवर. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, उंटासारखी कमान काढत चालणारी अळी त्या वेलींची पाने खाऊन वाढते. त्यामुळेच कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत फळबागेच्या आसपासच्या गुळवेल, वासनवेल आणि चांदवेल या वेली काढून टाकाव्यात, असा सल्ला वर्षानुवर्षे छापला जातो. एकाच शासनाचा एक विभाग ही वेल लावा म्हणतो आणि दुसरा उपटा म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि शेतकऱ्याला मात्र दोन्ही सल्ले एकत्र कोणी सांगत नाही. मोसंबी, लिंबू, डाळिंब किंवा पेरूची बाग जवळ असेल तेथे गुळवेलीची लागवड करू नये आणि शेजाऱ्याची बाग असली तरी करू नये, हा नियम खानदेशात तरी पाळलाच पाहिजे. फवारणीच्या टप्प्याबाहेरचे कोरडवाहू ज्वारी-कपाशीचे बांध, गावठाणाच्या कडा, शाळेची आवारे, सातपुड्याच्या पायथ्याची पडीक टेकाडे हीच तिची खरी जागा.

तोडणीच्या वेळेबाबत दोन मते आहेत. आयुर्वेदीय औषधकोश खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावे असे सांगतो, तर लागवडीच्या मार्गदर्शिका पावसाळ्यानंतर, खोड अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड झाले की कापावे असे म्हणतात. खानदेशासाठी उन्हाळ्याचे मत अधिक सोयीचे आहे, कारण पाने झडलेली असल्याने खोड स्वच्छ मिळते, कोरड्या हवेत तुकडे बुरशी न धरता लवकर वाळतात आणि कापणीतून उरलेल्या चांगल्या कांड्या लगेच मृगाच्या लागवडीला वापरता येतात. पहिली तोडणी साधारण दोन वर्षांनी करावी, जमिनीपासून फूट-दीड फूट खोड राखावे आणि एकाच वर्षी संपूर्ण वेल खाली ओढू नये. खोड धुऊन, बोटाएवढे तुकडे करून, ताडपत्रीवर पातळ पसरून सावलीत किंवा विरळ उन्हात वाळवतात. तुकडा मोडल्यावर कट्‌ असा आवाज येऊन तुटला, की तो पोत्यात भरण्याजोगा झाला. वाळताना वजन साधारण पाचव्या हिश्शावर येते, म्हणजे शंभर किलो ओल्या खोडाचा माल वीस किलोच्या आसपास भरतो, आणि भावाचे गणित करताना अनेकांची निराशा होते ती याच टप्प्यावर.

हे गणित स्वतंत्र शेतीचा विचार करताना अधिकच कठोर होते. तीन बाय तीन मीटर अंतराने एकरी साधारण 450 वेली बसतात, पण मोकळ्या वावरात त्यांना मांडव किंवा तारा लागतात, दोन वर्षे उत्पन्न नसते आणि खरेदीदार मोठा माल एकगठ्ठा मागतो. केळी किंवा कपाशी देणारी जमीन मोडून गुळवेल लावणे हा सौदा त्यामुळे नुकसानीचाच ठरेल. ठाणे जिल्ह्यातील शहापूरचे उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखे आहे. तेथील कातकरी तरुणांनी एकत्र येऊन रानातील गुळवेल गोळा करून विकण्याचे काम सुरू केले, ट्रायफेड या केंद्रीय आदिवासी सहकारी विपणन संस्थेच्या वनधन योजनेचे बळ त्यांना मिळाले आणि 2021 साली मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना 350 टन गुळवेलीची, 1 कोटी 57 लाख रुपयांची मागणी मिळाली. भागाकार केला तर किलोला साधारण 45 रुपये पडतात, आणि ही किंमत एकट्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या ओल्या वेलीची नसून संस्थेने गोळा करून पुरवायच्या मालाची आहे. शहापूरकरांना यश आले ते भावामुळे नव्हे. अनेक गावांतून माल एकत्र करणे, तो एकसारखा राखणे आणि कंपनीशी संस्था म्हणून बोलणे यांमुळे आले. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर आणि साक्री या तालुक्यांतील आदिवासी गावांना आणि शेतकरी गटांना हा मार्ग खुला आहे, कारण गौण वनोपजांच्या हमीभावाच्या यादीत गुळवेलीचा समावेश आहे. खासगी बांधावर लागवड करणाऱ्याने सातबाऱ्यावर, ई-पीक पाहणीत तिची नोंद करून ठेवावी. जैवविविधता कायद्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत आहे, पण माल रानातला नसून शेतातला आहे हे दाखवता यावे लागते.

वापराकडे वळले, की या वेलीचा इतिहास दोन टोकांना जातो आणि दोन्ही टोके मुंबईच्या रुग्णालयांत सापडतात. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदीय वनस्पतींची आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्यांवर तपासणी केली; ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ या पुस्तकांमुळे मराठी वाचक त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, पण गुळवेलीवरचे त्यांचे संशोधन तितकेच मोलाचे आहे. खडा किंवा गाठ यांमुळे पित्तनलिका बंद होऊन होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू येण्याचा धोका मोठा असतो. अशा 30 रुग्णांवर शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्यासह या गटाने केलेला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला, आणि नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल मिळालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. रुग्णसंख्या लहान होती, हे विसरता येत नाही; पण प्रश्न नेमका होता, रुग्ण देखरेखीखाली होते आणि वेल कोणती, किती, किती दिवस हे ठरलेले होते. नागपूरच्या संशोधकांनी ॲलर्जीच्या सर्दीच्या 75 रुग्णांवर 8 आठवडे केलेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही शिंका आणि नाक वाहणे यांत आराम दिसला. खोडातील बर्बेरिन, मॅग्नोफ्लोरिन यांसारखी अल्कलॉइडे, कडू डायटर्पीन द्रव्ये आणि बहुशर्करा यांचा एकत्रित परिणाम शरीराच्या संरक्षक पेशींना चेतवण्याकडे होतो, असा या संशोधनाचा एकूण रोख आहे.

साथीच्या काळात घरोघरी जे घडले त्यात यातले काहीच नव्हते. कोणती वेल, किती आणि किती दिवस, याचे भान न ठेवता महिनोन्‌महिने रोज सकाळी काढा घेणारी माणसे 2020 च्या अखेरीस काविळीच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची नोंद 2021 साली प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशभरातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि क्रिस्पाशी झालेल्या गल्लतीकडे बोट दाखवले. वाद अजून मिटलेला नाही, पण सामान्य माणसाने निष्कर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. जे द्रव्य संरक्षक पेशींना चेतवते, ते ज्यांच्या शरीरात त्या पेशी आधीच बिथरलेल्या आहेत त्यांना अपाय करू शकते, एवढे समजण्यास वादातील कोणतीही एक बाजू घ्यावी लागत नाही.

आयुर्वेदीय औषधकोशात वाळलेल्या खोडाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम दिलेली आहे, तर आयुष मंत्रालयाच्या साथीच्या काळातील सूचनांत 1 ते 3 ग्रॅम चूर्ण दोन वेळा, तेही पंधरा दिवस ते एक महिना, अशी मुदत स्पष्ट होती; ही मुदतच लोकांच्या लक्षात राहिली नाही. काढा आटवून केलेल्या घनापासून संशमनी वटी बनते. सत्त्व करण्याची रीत वेगळी आहे: ताज्या जाड खोडाची कागदी साल काढून तुकडे ठेचतात, चौपट पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी हाताने चांगले कुसकरून फडक्यातून गाळतात आणि ते पाणी न हलवता ठेवतात; काही तासांनी तळाशी पांढरा साका बसतो, वरचे पाणी अलगद ओतून टाकून तो साका वाळवला की गुळवेल सत्त्व तयार होते. ते प्रामुख्याने खोडातील पिष्ट असून चवीला अगदी सौम्य असते, खोडाच्या मानाने ते फारच थोडे मिळते, आणि म्हणूनच बाजारात त्यात मैदा किंवा आरारूट मिसळण्याचा मोह होतो. गावातील महिला बचत गटांनी हे सत्त्व डोळ्यांसमोर करून विकले, तर वाळक्या तुकड्यांपेक्षा त्यात चार पैसे अधिक सुटतील, मात्र औषध म्हणून विक्री करायची तर परवान्याची अट पाळावी लागेल.

संधिवात, थायरॉइड किंवा इतर स्वयंप्रतिरोधी विकार असणाऱ्यांनी, यकृताचा आजार असणाऱ्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वैद्याला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगून घ्यावी, कारण तिने रक्तातील साखर आणखी खाली येऊ शकते. घेत असताना लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळसर दिसू लागले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर ती त्याच दिवशी थांबवावी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. आणि लागवड करू इच्छिणाऱ्या खानदेशातील शेतकऱ्याने मोसंबी-डाळिंबाच्या बागा आपल्या बांधापासून किती दूर आहेत हे पाहूनच येत्या मृगाच्या कांड्या कापाव्यात.